धोटा, तांदळा आणि निळा मेंदू

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपण’ असा विषय ठरला. तो आम्ही सुचवलेला नव्हता. असे विषय हल्ली कोणी सुचवावे लागत नाहीत, ते हवेतूनच येतात. अंकाचे संपादन मराठी विभागाकडे असल्यामुळे मुखपृष्ठासाठी विद्यार्थ्यांनी दिलेली चित्रे प्रथम आम्हां दोघांच्या टेबलावर आली. एकूण चौदा. त्यांतील नऊ चित्रांत निळ्या प्रकाशाने उजळलेला मेंदू होता. तिघांत पांढराशुभ्र, केस नसलेला, काहीसा बायकी चेहऱ्याचा यंत्रमानव होता. एकात मायकेलअँजेलोच्या आदमाचे बोट होते आणि ईश्वराच्या बोटाच्या जागी पोलादी बोट आले होते. चौदावे चित्र नव्हतेच. वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती एक वस्तू होती : दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या असलेला, मध्ये पोकळ, हात लागून लागून काळपट-गुळगुळीत झालेला एक लाकडी धोटा. सोबत चिठ्ठी होती, ‘याचे चित्र नीट जमेना, म्हणून वस्तूच ठेवली आहे.’

वस्तू ठेवणारी मुलगी नायगावच्या बीडीडी चाळीत राहते. राहत होती, असे म्हणायला हवे. पुनर्विकासासाठी खोली रिकामी करताना माळ्यावरच्या ट्रंकेतून हा धोटा निघाला. आजोबा गिरणीत साच्यावर होते. धोट्याचा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा संबंध काय, हे आम्ही तिला विचारले तेव्हा तिने खांदे उडवले आणि ‘तुम्हीच सांगा सर’ असे म्हटले. विद्यार्थ्याने प्रश्न असा परतवला की शिक्षकाला अभ्यास करावा लागतो. प्रस्तुत लेख त्या अभ्यासाचे फलित आहे.

आम्ही चित्रकलेचे जाणकार नव्हेत. परंतु प्रतिमा रूढ कशी होते आणि रूढ झाल्यावर तिच्यातून काही दिसेनासे कसे होते, हे शिकवणे हा आमचा रोजचा व्यवसाय आहे. मुखाला चंद्राची उपमा देणाऱ्या पहिल्या कवीने चंद्र पाहिला होता. पुढच्यांनी पहिल्या कवीला पाहिले. निळ्या मेंदूचे असेच झाले आहे. तो काढणाऱ्या मुलांनी जे यंत्र वापरले (नऊपैकी किमान पाच मेंदू यंत्रानेच काढलेले होते, हे त्यांनी निर्मळपणे कबूल केले), त्या यंत्राने आधीचे असंख्य निळे मेंदू पाहून ठेवले होते. म्हणजे यंत्राने आपले व्यक्तिचित्र काढताना दुसऱ्यांनी काढलेली आपली चित्रेच गिरवली.

या प्रतिमेची वंशावळ फार जुनी नाही. ‘रोबो’ हा शब्द जगाला एका नाटकाने दिला. चेक लेखक कारेल चापेक यांचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि १९२१ च्या जानेवारीत प्राग येथे रंगभूमीवर आले. शब्द मात्र सुचवला त्यांचे बंधू योसेफ यांनी, आणि योसेफ हे चित्रकार होते. ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळाने सक्तीने करावयाची मजुरी, आपल्याकडची वेठ. चापेक यांचे रोबो लोखंडाचे नव्हतेच. कारखान्यात सेंद्रिय द्रव्यापासून घडवलेले, माणसासारखेच दिसणारे ते कामकरी होते, आणि नाटकाचा सगळा भर त्यांच्या कामावर आहे, धातूवर नाही. मराठीत या कल्पनेसाठी ‘यंत्रमानव’ शब्द घडला तेव्हा त्यातली वेठ गळून पडली आणि मानव उरला. ‘वेठबिगार’ हा नेमका शब्द घरात असताना आपण तो वापरला नाही. अर्थात तो वापरला असता तर बालकुमारांच्या मासिकांनी तो किती उचलला असता, ही शंका आहेच.

फ्रिट्झ लांग यांच्या ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) या मूकपटात यंत्राच्या दोन प्रतिमा आहेत. एक धातूच्या स्त्रीची. दुसरी भूमिगत महायंत्राची, जे अपघाताच्या क्षणी जबडा वासलेल्या मोलोख दैवताचे रूप घेते आणि पायऱ्या चढून येणाऱ्या कामगारांच्या रांगा गिळू लागते. पुढच्या शंभर वर्षांनी यांतली पहिली प्रतिमा उचलली. धातूची स्त्री दिसायला बरी असते आणि तिच्याभोवती गर्दी काढावी लागत नाही. पुढे तिचा धातू पांढरा झाला. स्टीफन केव्ह व कांता दिहाल या अभ्यासकांनी २०२० साली एका निबंधात हा पांढरा रंग वंशाचाच आहे असे दाखवून दिले : बुद्धी, व्यावसायिक कसब आणि सत्ता ही गोऱ्यांची लक्षणे मानणाऱ्या समाजाने बुद्धिमान यंत्रही गोरेच कल्पिले.

यावर उपाय म्हणून हल्ली ‘वैविध्य’ सुचवले जाते, आणि तिथेच आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. यंत्रमानवाला नऊवारी नेसवली, त्याच्या हाती वीणा दिली किंवा त्याच्या पाठीमागे वारली पद्धतीचा तारपा-नाच काढला, की प्रतिमा आपली होते असे नाही. तो मुंबईच्या विमानतळावरील दुकानांचा मार्ग आहे. वेगळेपण वेशात शोधण्याऐवजी इतिहासात शोधावे. निदान नायगावात राहणाऱ्याने तरी. कारण विचार करणाऱ्या यंत्राचा इतिहास मेंदूपासून सुरू होतच नाही. तो मागापासून सुरू होतो.

फ्रान्समधील ल्यों शहरात जोसेफ मारी जकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास रेशमी मागासाठी अशी योजना सिद्ध केली की, भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर चढवली म्हणजे कोणता ताणा उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा हे ती माळच ठरवी. भोक असेल तर एक, नसेल तर दुसरे. नक्षी विणकराच्या हातातून निघून पुठ्ठ्यात गेली. इचलकरंजीत आणि येवल्यात ‘जकार्ड’ हा शब्द आजही मागावर रुळलेला आहे. तो उच्चारताना एका माणसाचे आडनाव आपण घेत आहोत याची आठवण बहुधा कोणाला नसते. जकार्ड यांच्या मृत्यूनंतर १८३९ साली ल्योंमध्येच त्यांचे एक व्यक्तिचित्र रेशमात विणले गेले. त्यासाठी सुमारे २४,००० पुठ्ठे लागले. पाहणाऱ्याला ते कोरीव छापचित्र वाटे, इतके बारीक विणकाम होते. इंग्लंडमध्ये गणनयंत्राची स्वप्ने पाहणाऱ्या चार्ल्स बॅबेज यांनी त्याची एक प्रत मिळवली होती आणि आपल्या नियोजित यंत्रासाठी पुठ्ठ्यांचीच योजना घेतली. १८४३ साली त्या यंत्रावर टिपणे लिहिताना अ‍ॅडा लव्हलेस यांनीही बीजगणिताची नक्षी विणणारा माग अशीच त्याची कल्पना मांडली.

त्या रेशमी चित्रात काय आहे, हे पाहण्यासारखे आहे. यंत्राला दिलेल्या सूचनांवरून निघालेल्या जगातील आरंभीच्या चित्रांपैकी हे एक. त्यात ना तेजोवलय आहे, ना आकाशातून येणारे बोट. एक वयस्क माणूस आपल्या कार्यशाळेत खुर्चीवर बसला आहे, हातात कंपास आहे, शेजारी मागाची प्रतिकृती आहे, भिंतीवर हत्यारे आहेत. यंत्राने माणूस काढला आणि तो कामाच्या जागी बसलेला काढला.

मुंबईत यंत्रमाग आले ते या इतिहासाच्या पुढल्या टप्प्यावर. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला चात्या फिरू लागल्या. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, नायगाव, शिवडी, वरळी हा सगळा पट्टा गिरणगाव झाला. नायगावच्या अंगाला स्प्रिंग मिल उभी राहिली, जिच्या जागेवर आता उंच मनोरे आहेत. सरकारच्या विकास खात्याने १९२० च्या दशकात बीडीडी चाळी बांधल्या. नायगावच्या वाट्याला त्यांतल्या ४२ इमारती आल्या. या वस्तीला यंत्राची ओळख करून द्यावी लागत नव्हती. भोंग्याने ती उठे आणि भोंग्याने झोपे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली; विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे लागले तेव्हा मावळतीला संपणारा दिवस रात्रीत लांबवता येऊ लागला आणि १९०५ साली कामगार त्याविरुद्ध रस्त्यावर आले. गिरणगावासाठी यंत्र म्हणजे आधी वेळ होता, नंतर लोखंड.

आता १९२८ कडे येऊ. त्या वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर असे जवळजवळ सहा महिने मुंबईतील सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर होते. संपाच्या मुळाशी जी गोष्ट होती तिला मालक ‘कार्यक्षमता’ म्हणत. आजवर विणकर दोन साचे सांभाळी. त्याने तीन सांभाळावेत. सूत कातणाऱ्याने चौकटीची एक बाजू सोडून दोन्ही बाजू पाहाव्यात. माणसे कमी, यंत्रे तीच. आज कार्यालयांमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी जे बोलले जाते ते ऐकताना आम्हांला ही भाषा फारच ओळखीची वाटते. डांगे, निंबकर, मिरजकर, जोगळेकर, ना. म. जोशी यांची नावे या संपाच्या इतिहासात येतात आणि आमचे विद्यार्थी ती परीक्षेपुरती पाठ करतात. परंतु या संपाच्या निमित्ताने पुढे आलेली एक गोष्ट पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही, आणि ती थेट धोट्याशी संबंधित आहे.

धोट्याच्या पोकळीत बाण्याच्या सुताची कांडी बसवतात. कांडी संपली की नवी बसवायची आणि सुताचे टोक धोट्याच्या कडेला असलेल्या बारीक भोकातून बाहेर काढायचे. जुन्या धोट्यांमध्ये हे काम विणकर तोंडाने करी : भोकाला ओठ लावून श्वास आत ओढला की सूत बाहेर येई. दिवसातून कितीतरी वेळा. लँकेशायरच्या गिरण्यांतही हेच चाले आणि तिथे त्यावर आरोग्याच्या दृष्टीने आक्षेप घेतले गेले. मुंबईत आक्षेप निराळा होता. एकाच्या ओठांना लागलेला धोटा दुसऱ्याच्या ओठांना लागणार, सूत थुंकीने ओले होणार. तेव्हा अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना साचेखात्यात सवर्ण विणकर येऊ देत नसत. साचेखात्यात मजुरी जास्त होती. दलित कामगार कातणखात्यात व इतर कमी मजुरीच्या खात्यांत अडकून राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपात नेत्यांपुढे हा प्रश्न ठेवला : कामगारांची एकजूट म्हणता, तर साचेखाते सर्वांना खुले करण्याची मागणीही तुमच्या मागण्यांत असली पाहिजे.

यंत्राला जात नसते, असे आपण म्हणतो आणि ते खरेही आहे. साच्याला कोणाचा हात लागला हे कळत नव्हते. परंतु यंत्राला एक भोक होते आणि त्या भोकाला तोंड लागत होते. तेवढ्या वाटेने अख्खी जातिव्यवस्था यंत्रात शिरली. मजुरीच्या तक्त्यात, खात्यांच्या भिंतींत, पाणी पिण्याच्या जागेत ती दिसू लागली. आज माणसे निवडणाऱ्या, कर्ज मंजूर करणाऱ्या संगणकीय व्यवस्थांमध्ये समाजाचे पूर्वग्रह उतरतात असे आपण वाचतो तेव्हा ते नवलाचे वाटते. गिरणगावाला ते नवलाचे वाटण्याचे कारण नव्हते. प्रश्न इतकाच, की त्या भोकाचे चित्र कोणी काढले का? निळ्या मेंदूला तर भोकच नाही. तो काचेसारखा सलग आहे. त्यात कोठून काय शिरते हे पाहणाऱ्याला कळण्याची सोय नाही, आणि म्हणूनच तो जाहिरातीला सोयीचा आहे.

मुलीची हकिगत आम्हांला पुढे तुकड्या-तुकड्यांनी कळली. तिचे पणजोबा गिरणीत आले आणि कातणखात्यातच निवृत्त झाले. आजोबा १९६० च्या दशकात बदली कामगार म्हणून लागले आणि काही वर्षांनी त्यांना साचा मिळाला. घरात आजही ‘साचा मिळाला’ असेच म्हणतात. घर मिळाले, पदवी मिळाली, तसे. घराण्यात साच्यावर उभे राहणारे ते पहिले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि ते गिरणीत परत गेलेच नाहीत. धोटा त्यांनी कधी आणला, मागून आणला की न मागता, याबद्दल घरात दोन मते आहेत.

*

मराठी साहित्याने या यंत्राचे काय केले, हे पाहताना आम्हांला आमच्याच विषयाची थोडी झाडाझडती घ्यावी लागली. मामा वरेरकरांनी गिरणी कामगारांवरच्या कादंबरीला ‘धावता धोटा’ असे नाव दिले. धोट्याचे धावणे हे इकडून तिकडे आणि तिकडून इकडे असे असते. कितीही वेगाने धावला तरी तो साच्याबाहेर जात नाही, पण त्याच्या धावण्यातून कापड पुढे सरकत राहते. एका नावात इतके असू शकते. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) पासून नवकवितेत यंत्रयुग अवतरले असे आम्ही वर्गात सांगतो, आणि ते चूक नाही. मात्र तिथे यंत्र हे पुष्कळदा माणसाच्या आतल्या कोरडेपणाचे रूपक आहे. माणूस यंत्रवत् झाला, ही ती खंत. ती खंत यंत्रापासून काही अंतरावर उभे राहिल्यावर सुचते. नारायण सुर्वे (१९२६–२०१०) यांना गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने वाढवले आणि त्यांनी स्वतःही गिरणीत काम केले. त्यांच्या कवितेत कारखाना आहे, पण तो कोरडेपणाचे रूपक नाही. तो शिकण्याची जागा आहे, ‘माझे विद्यापीठ’ या नावातच ते आहे. आणि जयंत पवारांच्या ‘अधांतर’ (१९९७) मध्ये यंत्र रंगमंचावर येतच नाही. संपानंतरच्या गिरणगावातली चाळीची एक खोली, तिच्यात एक कुटुंब. यंत्र थांबले आहे, आणि थांबलेल्या यंत्राचा आघात माणसांच्या एकमेकांशी बोलण्यात ऐकू येतो. यंत्राचे चित्र यंत्र न काढता काढता येते, याचा याहून चांगला पुरावा आम्हांला माहीत नाही.

बुद्धिमान यंत्र म्हणाल तर मराठीत ते जयंत नारळीकरांनी आणले. ‘वामन परत न आला’ ही त्यांची कादंबरी १९८६ ची. फार पूर्वी नाहीशा झालेल्या एका प्रगत संस्कृतीने पुरून ठेवलेली माहिती हाती लागते आणि तिच्या आधारे एक यंत्रमानव घडवला जातो. त्याचे नाव वामन. कादंबरी म्हणून तिच्यात उणिवा आहेत; पात्रे बरीचशी संवादापुरती उभी राहतात. पण नाव! पांढऱ्या पोलादी देहापेक्षा ही प्रतिमा कितीतरी धारदार आहे. दाराशी आलेला लहानसा बटू, नम्रपणे तीन पावले जमीन मागणारा. देणाऱ्याला त्यात धोका दिसत नाही, कारण मागणे लहान आहे. मागणे मान्य झाल्यावर मग तो वाढतो. आपल्या फोनमधले एखादे नवे साधन ‘आपल्या सोयीसाठी’ थोडी परवानगी मागते तेव्हा आम्हांला या बटूची आठवण होते.

शिवाय महाराष्ट्रात वामनाची कथा एकाच बाजूने सांगितली जात नाही. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) मध्ये ती उलटी करून सांगितली : बळी हा प्रजेचा राजा आणि वामन हा आक्रमक. आपल्या बायाबापड्या दिवाळीत ओवाळताना बळीचेच राज्य मागतात, वामनाचे नाही. वामन म्हटल्यावर इथल्या वाचकाच्या मनात आपोआप प्रश्न उभा राहतो की पाताळात कोण गेले. एखाद्या चित्रकाराने आज वामन काढायचा ठरवला तर त्याला पाऊल काढावे लागेल, आणि पाऊल काढले की ते कोणाच्या डोक्यावर ठेवले आहे हेही काढावे लागेल.

अशा प्रतिमा आपल्याकडे आणखी आहेत. गिरणगावात माणसे आली ती बरीचशी कोकणातून. त्या कोकणात, कुडाळजवळच्या पिंगुळीत, ठाकर समाजाचे कलावंत कळसूत्री बाहुल्यांचा खेळ आणि चित्रकथी सादर करतात; त्यांतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. ‘कळसूत्री’ या शब्दात कळ आणि सूत्र दोन्ही आहेत. बाहुली हलते, बोलते, रडवते, आणि तरीही दोरे लपत नाहीत. प्रेक्षकाला सूत्रधार ठाऊक असतो, म्हणून त्याला खेळाची फसवणूक वाटत नाही. बोलणाऱ्या यंत्राचे चित्र काढणाऱ्याने चेहऱ्यावर मेहनत घेण्याऐवजी दोऱ्यांवर घ्यावी असे आम्हांला वाटते. पुण्यातील खराडीसारख्या वस्त्यांतल्या बायका अलीकडे मोबाइलसमोर बसून मराठी वाक्ये वाचून दाखवतात. यंत्राला मराठी यावी म्हणून ‘कार्य’ ही संस्था त्यांच्याकडून हे काम करून घेते आणि त्याचा मोबदला देते. यंत्राच्या मराठीत त्यांचा श्वास आहे. हा एक दोरा. दुसरा दोरा ठाणे-बेलापूर पट्ट्यात, ऐरोली-महापे भागात मिळतो, जिथे जुन्या औद्योगिक वसाहतीत आता विदाकेंद्रांच्या इमारती उभ्या आहेत : खिडक्या जवळजवळ नाहीत, आत रात्रंदिवस थंड हवा खेळवावी लागते, विजेच्या जाड वाहिन्या येतात. लोकलमधून जाताना गिरण्यांची धुराडी दिसत तशा या दिसत नाहीत. धूर नसलेली गिरणी कशी काढावी, हा चित्रकारापुढचा खरा प्रश्न आहे.

तो सोडवण्याच्या जवळ जाणारा चित्रकार आपल्यात आहे. सुधीर पटवर्धन हे व्यवसायाने क्ष-किरणतज्ज्ञ. ठाण्यात त्यांनी अनेक वर्षे तो व्यवसाय केला. क्ष-किरण चित्रे वाचणे हे तर कृत्रिम बुद्धिमत्तेने अगदी आरंभी हाती घेतलेल्या कामांपैकी एक. त्यांच्या ‘लोअर परळ’ (२००१) सारख्या चित्रात गिरणीचा प्रदेश बदलत असतानाचा क्षण आहे. त्यांच्या चित्रांत पूल, रूळ, इमारती यांना माणसांइतकेच वजन असते, पण माणसे त्यांच्या आड जात नाहीत.

आणि तरीही एक गोष्ट आम्हांला खटकत राहिली. सगळीकडे माणूस दाखवा, हात दाखवा, घाम दाखवा, हाही एक साचाच होऊ शकतो. १९५० च्या आसपासच्या भित्तिचित्रांतल्या आवळलेल्या मुठी आज आपल्याला निळ्या मेंदूइतक्याच सरधोपट वाटतात. (हातांची गंमत अशी की चित्रे काढणारी ही यंत्रे आरंभी हाताला हटकून सहा बोटे काढत.) बुद्धिमान यंत्रात एक अनोळखी, काहीशी भीती वाटावी अशी शक्ती आहे, तिच्याशी बोलताना लोकांना काहीतरी वाटते, हे नाकारून चित्र पुरे होणार नाही. मोलोखचा जबडा लांगला उगाच दिसला नव्हता.

याचे उत्तर आम्हांला त्या मुलीच्या आजीने दिले, अर्थात तिला ते ठाऊक नाही. खंडेनवमीला गिरणीत साच्यांची पूजा होई, असे ती सांगते. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. बायकामुलांना त्या दिवशी आत जाऊन साचे पाहता येत. तिने विचारले होते, ‘देव कुठला मांडलाय?’ तर आजोबा म्हणाले, हाच. साच्याला डोळे काढले नव्हते, मुखवटा चढवला नव्हता. वर्षभर ज्याने बोटे कापली आणि पोट भरले त्याला त्याच्याच रूपात हळद लावली होती. महाराष्ट्राच्या देवीउपासनेत याला शब्द आहे : तांदळा. अवयव न घडवलेला पाषाण, जसा माहूरच्या रेणुकेचा. शक्ती मानायची, तिला जपायचे, तिला भ्यायचे, पण तिला माणसाचा देह द्यायचा नाही. देह दिला की आपण तिच्याकडून माणसाच्या वागण्याची अपेक्षा करू लागतो. शेंदराचे थर मात्र चढत जातात, आणि कधीतरी ते खरवडून आतला दगड पाहावा लागतो, हेही आपल्या भाषेला माहीत आहे. निळा प्रकाश हा आजचा शेंदूर. तो आम्हांला वाईट वाटत नाही. फक्त तो शेंदूर आहे एवढे चित्रात दिसावे.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करण्याची योजना बरीच वर्षे चालू आहे. तिथे साचे मांडले जातील तेव्हा ते तेलपाणी करून, चकचकीत करून मांडतील. धोटे काचेच्या पेटीत असतील. त्यांच्या कडेचे भोक दाखवणारी एखादी ओळ पाटीवर असावी असे आम्हांला वाटते. त्या ओळीत थुंकी हा शब्द यावा लागेल, म्हणून ती लिहिली जाईल की नाही याबद्दल आम्ही साशंक आहोत.

मुखपृष्ठ शेवटी त्या मुलीनेच केले. कागदावर धोटा ठेवून तिने पेन्सिलीने त्याची कड उतरवली आणि मग फक्त ते भोक मोठे करून काढले, जवळजवळ पानभर. त्यातून एक सूत बाहेर येते आणि पानाच्या उजव्या काठाबाहेर जाते. डाव्या बाजूला, जिथे तोंड असायचे, तिथे काहीच नाही. समितीत यावर बरीच चर्चा झाली. एक सहकारी म्हणाले की यात संगणक कुठे आहे. दुसऱ्यांना ते सुईचे नेढे वाटले. छापखान्यात जुळणी करणाऱ्या मुलाने अंक हातमागावर आहे का असे विचारले आणि पार्श्वभूमीला थोडा निळा टाकू का, अशी परवानगी मागितली. तिने नको म्हटले. धोटा आता संक्रमण शिबिरातल्या खोलीत, टीव्हीशेजारी आहे. नव्या इमारतीत त्याची जागा कुठे करायची यावरून घरात वाद चालू आहे.